मी लावेल

जिन्याखाली, मोटरच्या बटणापाशी,
पागनिसांनी पहिली चिठ्ठी चिकटवली
ती संक्रांतीच्या आसपास.
लाल शाई, खाली दोन रेघा:
'पाणि जपुन वापरा. मोटर फक्त मि लावेल.'
लोकमान्य नगरातल्या आमच्या दुमजली घरात
नर्मदा एक दिवसाआड येते,
तीही पाऊण तास, तीही कण्हत,
आणि मी डोळे चोळत खाली येईपर्यंत
वरची टाकी त्यांच्या हौदापुढे हरलेली असते.

मीही लिहिलं मग. गोड.
'काका, नळ सगळ्यांचा आहे ना?'
एका 'ना'मध्ये केवढं विष मावतं
हे मला तोवर माहीत नव्हतं.
उत्तर आलं विजेच्या बिलाच्या पाठीवर.
माझं त्यावर, कॅलेंडरच्या पानावर.
होळीपर्यंत भिंतीला डिंकाचे चट्टे पडले
आणि जिन्यात समोरासमोर आलो की
दोघंही आपापल्या चपलांशी बोलायचो.
नवरा म्हणाला, जाऊन सरळ बोल की.
मी म्हटलं, बोलूनच तर राहिले.

एका रात्री सहावीच्या कॉप्या तपासून
तेच पेन हातात घेऊन कचरा टाकायला उतरले.
'पाणि'वर गोल. 'जपुन'वर गोल.
'मि' खोडून 'मी'.
'लावेल'खाली रेघ, समासात: लावीन.
आणि खाली, देवा, खाली मी
दहापैकी तीन दिले.

त्यानंतर चिठ्ठी आली नाही.
जिंकल्यावर घर इतकं शांत होतं
की पंख्याचं एक पातं वाकडं आहे हेही ऐकू येतं.
नळाच्या दिवशी मोटर लागायची, बंद व्हायची,
माझी टाकीही भरायची आता, काठोकाठ,
आणि त्या पाण्यानं आंघोळ करताना
कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखं व्हायचं.

चैत्रात एका पहाटे चारला उतरले.
काय बोलायचं ते घोकून:
आधी माफी, मग वेळापत्रक, आवाज खाली,
'तुम्ही असं करता' नाही, 'मला असं होतं'.
ते गंजीफ्रॉकात, स्टुलावर, अंधारात
बटणाकडे बघत बसलेले.
घोकलेलं सगळं गळालं.
तोंडातून आलं ते एवढंच:
'तुम्ही चारला का उठता हो?'

बराच वेळ त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.
पेन आहे का, बघत असावेत.
'मिलमधे होतो. पहिल्या पाळीचा भोंगा.
मिल गेली तीस वर्षांमागे.
ह्यांना,' दोन्ही कान धरून म्हणाले,
'कुणी सांगितलंच नाही.'
मग, नळाकडे तोंड करून:
'आम्ही हिंदी शाळेतले. मराठी आईची.
ती लावेलच म्हणायची.'

मी पायरीवर बसले.
माफी इतकं छोटं नाणं
की कुठल्या खिशात ठेवलं होतं तेच सापडेना.
नर्मदा आली. आधी हवा, मग गंज, मग पाणी.
तिचं गुरगुरणं दोघांनी ऐकलं,
कुणी मधे बोललं नाही.

उठताना म्हणाले,
'परवा मी उठवेल तुम्हाला. कडी वाजवेल दोनदा.'
घशाशी आलेलं 'उठवीन', त्यामागून आलेलं 'वाजवीन',
मी चहाच्या चोथ्यासारखं गिळलं.
'वाजवा,' म्हटलं.

स्वभाव काही बदललेला नाही.
काल स्कूटी फाटकाला टेकली म्हणून
अख्ख्या गल्लीला ऐकवलं त्यांनी
माझ्या माहेरच्या शिकवणीसकट.
मी गच्चीतून म्हटलं, 'काढते, काका, येऊन राहिले,'
आणि खरंच उतरले,
वाटेत दोन उत्तरं तयार झाली होती
ती दुसऱ्या मजल्यावरच ठेवून.

डिंकाचे चट्टे आहेत अजून भिंतीवर.
पेन शाळेतच ठेवते हल्ली.
बहुतेक वेळा.